तिळातिळानं वाढणारा दिवस

गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत लातूरकडची बरीच कुटुंबं राहायला आली. कुणी वाळूजच्या कारखान्यात नोकरीला, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी. डिसेंबर अर्ध्यावर आला, की या घरांतून एखाद्या दिवशी ओळखीचा वास येतो. ओल्या हरभऱ्याचा, चिंचेचा, लसणाच्या फोडणीचा. तो आला, की मला पंचांग उघडावं लागत नाही. वेळ अमावस्या आली, हे कळतं.

अशाच एका वर्षी शेजारची सून वाटीभर भज्जी घेऊन आली. वाटी हातात देताना सहज म्हणाली, "चाचा, तुमच्यात करतात का हो वेळ अमावस्या?"

मी म्हटलं, "आमच्यात नाही करत, पोरी. आमच्या गावात करतात."

ती हसली आणि गेली. माझं उत्तर मात्र माझ्याच डोक्यात घोळत राहिलं. कारण हाच प्रश्न जरासा फिरवून माझ्या नात्यातल्या माणसांनीही मला विचारलेला आहे. "हे आपल्यात बसतं का?" एकाचा 'तुमच्यात' आणि दुसऱ्याचा 'आपल्यात'. दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. पण अशा प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. ते द्यायचं तर थोडं गावाकडे जावं लागतं, थोडं आकाशाकडे बघावं लागतं आणि बराचसा इतिहास चाळावा लागतो. आज तेच करू या.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. आम्ही मणियार, म्हणजे बांगड्या भरणारे. माझी दादी बांगड्यांच्या माळा घेऊन गावोगाव फिरायची. संक्रांत जवळ आली, की तिला बसायला सवड नसे. घरोघरी हिरव्या बांगड्या भरायच्या असत. पैसे कमी मिळत, धान्य जास्त. आम्हाला शेत नव्हतं. पण वेळ अमावस्येच्या दिवशी दादीला कमीत कमी चार शेतांवरून बोलावणं असे आणि कुणाकडे आधी जायचं यावरून आदल्या रात्री घरात चर्चा होई.

ज्यांनी हा सण पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्गशीर्ष महिन्याची अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत तिला येळवस, दर्शवेळा अमावस्या असंही म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. लातूर जिल्ह्यात तर या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर होते. शेतात ज्वारीच्या कडब्याची एक कोप उभी करतात. तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. हे पाच पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य ठेवतात. मग घरातला कर्ता माणूस आंबील शिंपडत उभ्या पिकाभोवती फिरतो आणि पोरंटोरं त्याच्या मागं ओरडत पळतात.

जेवण असं, की त्याची आठवण वर्षभर पुरावी. ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, जे जे शेतात तयार असेल ते सगळं एकत्र करून चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवलेली भज्जी. बाजरीचे वाफवलेले उंडे. तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. आणि मडक्यातलं थंडगार आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं, लसणाचा झटका असलेलं. ते मडकं डोक्यावरून शेतात नेण्याचा मान घरच्या बाईचा. सूर्य कलला, की कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी मारत. इडापीडा जळून जावी म्हणून.

पूजा चालू असताना दादी बांधावरच्या बाभळीखाली बसून राही. ती पूजेत नसे आणि कुणी तिला ओढतही नसे. पूजा आटोपली, की मालकीणबाई पहिलं पान तिच्यासमोर मांडे. आधी दादी, मग घरची माणसं. हे कुणी ठरवलं होतं, कधीपासून होतं, मला माहीत नाही. लहानपणी मला ते जगातल्या सगळ्या शेतांवर असंच असेल असं वाटे.

गावात त्या दिवशी कुणी सूर्याच्या अयनाची भाषा करत नाही. हा रब्बीच्या उभ्या पिकाचा सण आहे. पण तो येतो कधी ते पाहा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रींच्या दिवसांत, आणि त्यातही चंद्र नसलेल्या रात्री. २०१९ साली तो २६ डिसेंबरला आला होता आणि त्याच सकाळी सूर्यग्रहणही होतं. २०२२ साली २३ डिसेंबरला आला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या अगदी दुसऱ्याच दिवशी.

हा सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो. त्या दिवशी सूर्य आपल्या दक्षिणेकडच्या टोकाला पोचलेला असतो. तिथून तो परत फिरतो. छत्रपती संभाजीनगरला त्या दिवशी सूर्य क्षितिजावर जेमतेम अकरा तास असतो. जूनमध्ये हाच दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा होतो. सकाळी गच्चीवर उभं राहिलं तर सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. आणि भरदुपारी, आपल्याकडे साधारण साडेबाराला, एक मीटरची काठी उभी केली तर तिची सावली जवळजवळ चौऱ्याण्णव सेंटिमीटर पडते. वर्षातली ही सर्वांत लांब दुपारची सावली.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी पाहिलं ते अब्बांच्या काठीत. आमच्याकडे नमाजाच्या पाचही वेळा सूर्यावरून ठरतात. त्यातली असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची वेळ सावलीवरून मोजतात. आमच्या हनफी रिवाजाप्रमाणे वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट झाली, की असर सुरू होते. पण त्यात भर दुपारी पडलेली सावली वेगळी धरावी लागते. ती रोज बदलते. म्हणून मशिदीतलं घड्याळ बंद पडलं, की अब्बा अंगणात काठी रोवत आणि दुपारच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवत. दिवाळीनंतर खडा रोज पुढे सरके. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो थांबे. मग काही दिवस तो जिथल्या तिथं. आणि एके दिवशी अब्बा म्हणत, "पलटा." सूर्य फिरला.

अब्बांना कुठं ठाऊक होतं, की हजारो वर्षांपासून आपल्याकडचे ज्योतिषी याच काठीला शंकू म्हणत आले आणि याच पद्धतीनं दिशा, दुपार आणि अयन काढत आले! मशिदीच्या अंगणातली काठी आणि ज्योतिषाच्या अंगणातला शंकू, दोन्हींची सावली एकच पडते.

आता तुम्ही म्हणाल, सूर्य डिसेंबरात फिरतो, तर आपण उत्तरायणाचा सण जानेवारीत का करतो? चौदा जानेवारीची संक्रांत म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस, असंच आपण लहानपणापासून ऐकलं. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी ज्या उत्तरायणाची वाट पाहिली, ते हेच उत्तरायण. मग हे तीन आठवड्यांचं अंतर आलं कुठून?

याचं उत्तर पृथ्वीच्या डुलण्यात आहे. फिरता भोवरा जसा डुलतो, तसा पृथ्वीचा आस फार सावकाश डुलतो. एक फेरा पुरा व्हायला त्याला सुमारे सव्वीस हजार वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबानं मोजलेलं वर्ष आणि ऋतूंच्या हिशेबानं मोजलेलं वर्ष यांत थोडा फरक पडत जातो. मकर राशीत सूर्य शिरण्याचा दिवस हा ताऱ्यांचा हिशेब. सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस हा ऋतूंचा हिशेब. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. त्यानंतर संक्रांत साठ-सत्तर वर्षांत एक दिवस या गतीनं पुढे सरकत आली.

आपल्या पूर्वजांना हे कळलेलं नव्हतं असं नाही. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी होतं असं सांगितलं आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत स्पष्ट नोंदवलं, की पूर्वीच्या शास्त्रांत तसं म्हटलं असलं तरी आता ते मकरेच्या आरंभी होतं. जुन्या ग्रंथात काय आहे आणि डोळ्यांना काय दिसतं, यांत फरक पडला तर डोळ्यांना दिसतं ते मांडायचं, हे धैर्य त्या माणसानं दाखवलं.

संक्रांत सरकते याचा जवळचा पुरावाही आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती चौदा किंवा पंधरा जानेवारीला येते. आणखी मागे जाऊ. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो आणि आजची तारीख मनात धरून संक्रांतीच्याच दिवशी लढाई झाली असं समजतो. हिशेब केला तर त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. उपाशी सैन्यानं ती कशी केली असेल, कोण जाणे.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर फार मोठा वाद झाला. गणिताचे पंडित केरूनाना छत्रे यांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं पंचांग सुरू केलं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. पुढे लोकमान्य टिळकांच्या नावानं चालणारं पंचांगही त्याच वाटेनं गेलं. त्यात संक्रांत आजही दहा जानेवारीच्या सुमारास येते. याहून पुढे जाणारी मंडळीही होती. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांचं म्हणणं असं, की सण ऋतूंचे आहेत, तर पंचांगही ऋतूंचं, सायन असावं. म्हणजे संक्रांत डिसेंबरात, सूर्य खरोखर वळतो तेव्हा.

यांतले दीक्षित मला फार जवळचे वाटतात. पेशानं शिक्षक. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा मराठी ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी तयार केलेला, तारखा जुळवण्याच्या कोष्टकांचा ग्रंथ लंडनला छापला गेला. त्यात शकाच्या तिथी आणि हिजरी तारखा दोन्ही इसवी सनाशी जुळवून दिल्या आहेत. मराठी शाळेतला एक मास्तर दोन समाजांचे दिवस एकाच कोष्टकात नीट बसवतो. माझ्या शेजारच्या सुनेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच सापडतं.

सायनवाद्यांचं पंचांग लोकांच्या घरात काही रुजलं नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली सरकारनं शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, भारतीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात २२ डिसेंबरला १ पौष येतो. सणवार मात्र जुन्याच हिशेबानं चालू राहिले. आकाशवाणी ऐकणाऱ्यांनी 'भारतीय सौर' हे शब्द असंख्य वेळा ऐकले असतील. आपण ते कानाआड करतो. पण '१ पौष' ऐकलंत, तर थोडं थांबा. अब्बांचा खडा जिथं थांबायचा, ती ही तारीख.

मग लोकांनी सायन पंचांग का उचललं नाही? सवय हे एक कारण झालंच. पण मला आणखी एक कारण दिसतं आणि ते काठीतच आहे. २१ डिसेंबरनंतरच्या दहा दिवसांत त्या एक मीटर काठीची सावली जेमतेम एक सेंटिमीटर घटते. दिवसाला एक मिलिमीटर, तिळाहूनही कमी! डोळ्यांना ते जाणवत नाही. संक्रांतीपर्यंत मात्र ती सहा-सात सेंटिमीटर आखडलेली असते. दुसरी गोष्ट सकाळची. आमच्या घरात नमाजाच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. तो नीट पाहिला तर एक गंमत कळते. संध्याकाळ नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच हळूहळू लांबायला लागते. सूर्योदय मात्र डिसेंबर उलटला तरी उशिरा उशिराच होत जातो. जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या बाईला, भल्या सकाळी शेतावर जाणाऱ्या माणसाला सकाळ लवकर उजाडायला लागल्याचं कळतं ते संक्रांतीनंतरच. 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो' असं आपल्या आयाबाया म्हणतात. पंचांग चुकलं असेल. बाया चुकलेल्या नाहीत.

आणि या मधल्या तीन आठवड्यांत घरं रिकामी बसत नाहीत. सोळा डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो. आपण त्याला धुंधुरमास म्हणतो, कुणी झुंजुरमास. त्यात सूर्य उगवण्याच्या वेळी जेवायचं. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, गूळ. दिवस लहान असतो, भूक लवकर लागते, आणि थंडीत पोटाला ऊब लागते. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगं, घेवडा यांची एकत्र भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण तुम्हाला पाठ असेल. मग सुगडं. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या छोट्या मडक्यांत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजर, गव्हाच्या ओंब्या. ही यादी वेळ अमावस्येच्या भज्जीशेजारी ठेवून बघा. बरीचशी तीच पिकं, तीच माती, तेच मडकं. मधल्या काळात घरात जे होतं त्याला कुठलं मोठं साहित्य लागत नाही. त्या दिवसांत शेतात जे आहे ते एकत्र करायचं आणि एकत्र बसून खायचं.

सीमेपलीकडे कर्नाटकात, बिदर आणि कलबुर्गीच्या बाजूला, हीच अमावस्या 'एळ्ळु अमावास्या' म्हणून करतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. आपल्या 'येळवस' या नावाच्या उगमाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण तिथल्या नावात तीळ आहे आणि आपल्या पोळीतही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हिजरी वर्ष चंद्राचं. ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान दर वर्षी मागे मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९९ साली तो डिसेंबरात होता, तेव्हाचे रोजे सर्वांत लहान दिवसांचे. आता २०३० च्या डिसेंबरात तो पुन्हा तिथं येईल. हे सुंदरच आहे. पण चांद्रवर्षावर पेरणी करता येत नाही आणि सारावसुलीही होत नाही. त्यासाठी मुसलमान राजवटींनीही सौर हिशेब ठेवला. त्याचंच नाव फसली साल. फसल म्हणजे पीक. निजामाच्या काळातल्या मराठवाड्याच्या महसुली कागदांवर आजूर, दै, बहमन असे महिने दिसतात. फसली सालात ५९० मिळवले, की इसवी सन निघतो.

हे महिने इराणातून आले. आजच्या इराणी दिनदर्शिकेत 'दै' महिना नेमका तिथून सुरू होतो, जिथं सूर्य उत्तरेकडे वळतो. त्याच्या आदली रात्र ती शब-ए-यल्दा. वर्षातली सर्वांत लांब रात्र. यल्दा हा शब्द मूळचा सिरियाक भाषेतला, अर्थ जन्म. त्या रात्री इराणी घरांत आजीआजोबांकडे सगळे जमतात. डाळिंब फोडतात, कलिंगड कापतात, सुका मेवा मांडतात आणि हाफिजचा दिवान उघडून त्यातून आपलं भविष्य शोधतात. २०२२ साली इराण आणि अफगाणिस्तानची ही परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

हाफिजचं आणि आपल्या भागाचं एक जुनं नातं फरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. चौदाव्या शतकात बहमनी सुलतान दुसऱ्या मुहम्मदशहानं हाफिजला दख्खनला बोलावलं. तो निघाला, जहाजावर चढलाही, पण वादळ उठलं आणि घाबरून शिराजला परतला. तो आला असता तर कुठं आला असता? बहमनींची राजधानी तेव्हा गुलबर्ग्याला होती. म्हणजे आजच्या कलबुर्गीला, जिथं मार्गशीर्षातल्या अमावस्येला माणसं शेतात जातात!

हाफिज आला नाही, पण त्याची भाषा आली. आपल्या शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी उर्दूत लिहीत होते. आझाद बिलग्रामी इथंच राहून फारसी आणि अरबीत लिहीत होते. त्यांची कबर खुलदाबादला आहे. फारसी-उर्दू कवितेत विरहाची रात्र आणि प्रियेचे लांब केस म्हटलं, की यल्दाचा दाखला आलाच. मात्र निजामाच्या फसलीत एक गंमत झाली. तिथं वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्यापासून सुरू होई, त्यामुळे 'दै' नोव्हेंबरातच लागे. म्हणजे आमचा दै दीड महिना आधी आणि तुमची संक्रांत तीन आठवडे उशिरा. दोघांचीही पंचांगं सूर्याला चुकवून बसलेली. सूर्य आपला ठरल्या दिवशी वळतो.

यल्दापासून पुढचे चाळीस दिवस कडक थंडीचे. इराणात त्यांना चिल्ला म्हणतात, काश्मिरात चिल्लाई कलाँ. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. आमच्या घरात हा शब्द बाळंतिणीसाठी ऐकला. चाळीस दिवस झाले, की ती चिल्ला न्हाते. दादी डिसेंबर सरताना गोधडी अंगावर ओढून म्हणायची, "चिल्ले की ठंड है बेटा. पन अब दिन तिल-तिल बढता." एकाच वाक्यात इराणचा चिल्ला आणि मराठवाड्याचा तीळ. तिला यात दोन संस्कृती आहेत असं कधी वाटलं नाही. तिला फक्त थंडी वाजत होती.

आपल्याच जिल्ह्यात याहून जुनी एक खूण आहे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांची तोंडं कुणीकडे आहेत, याचा काही अभ्यासकांनी विचार केला. दोन्ही पाचव्या शतकातली चैत्यगृहं. त्यांनी मांडलं ते असं, की एकोणिसाव्याचं तोंड हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि सव्विसाव्याचं उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आहे. वाघूर नदीच्या त्या वळणावर छिन्नी चालवणाऱ्यांनीही आधी कुठं तरी काठी रोवून सावली मोजली असेल.

२०२२ ची वेळ अमावस्या शुक्रवारी आली. बऱ्याच वर्षांनी मी गावी गेलो. दादी जाऊन खूप काळ लोटला होता. शिवारही बदललेलं. जिकडेतिकडे सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या जमिनी आणि हरभरा. ज्वारी इतकी कमी, की ज्यांच्या शेतावर मी गेलो त्यांनी कोपीसाठी कडबा विकत आणला होता. गावातल्या मशिदीत जुम्म्याची नमाज पढून मी शेतावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पूजा, जेवणं सगळं आटोपलेलं. मला वाटलं, उशीर झाला. तेवढ्यात दादीच्या वेळची मालकीणबाई, आता पार वाकलेली, कोपीतून बाहेर आली. म्हणाली, "लेकरा, तुझ्या दादीचं पान काढून ठेवलंय बघ. मणियारणीचं पान मांडल्याबिगर आम्ही कुणी जेवत न्हाई."

इतकी वर्षं ते पान मांडलं जात होतं. त्यावर बसायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. 'आपल्यात बसतं का' याचा विचार करण्यात आम्ही शहाणे झालो होतो आणि 'तुमच्यात करतात का' हे विचारणाऱ्या घरांत आमची ओळखच उरली नव्हती. मी बाभळीखाली बसून जेवलो. आंबील तसंच होतं.

त्या वर्षापासून आम्ही शहरात घरीच थोडंसं काही करतो. २१ डिसेंबरच्या आसपास गच्चीवर सिमेंटच्या डब्यात काठी उभी करतो. दुपारी साडेबाराला सावलीच्या टोकाशी खडूची रेघ. माझी बायको दादीच्या पद्धतीनं मडक्यात आंबील लावते. शेजारची सून भज्जी आणते. संध्याकाळी दोन्ही घरं गच्चीवर बसून सूर्य कुठं बुडतो ते बघतात, खातात आणि थंडी वाजायला लागली, की खाली येतात. यात मंत्र नाही, दुआ नाही. ज्याला आपापल्या घरी जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं.

खडूची रेघ मारायचं काम तिच्या मुलाकडे आहे. पहिल्या वर्षी चार दिवस झाले तरी सावली हलेना, तेव्हा तो वैतागला. "चाचा, काही होतच नाही. काढू का काठी?"

मी म्हटलं, "राहू दे. संक्रांतीपर्यंत राहू दे."